सुकलेलं थिनर जातं कुठे?

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या माणसाला लोखंडाची ओळख करून द्यावी लागत नाही. १९१० साली औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळचं माळरान लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी दिलं. तिथे नांगर घडले, पंप घडले, आणि पुढे स्टेशनाच्या पाटीवरही किर्लोस्करवाडी हे नाव चढलं. कुंडल, पलूस, रामानंदनगर या पट्ट्यात लेथवर उभा राहिलेला, साच्यात रस ओतलेला किंवा पंपाला रंग मारलेला माणूस शोधायला आज लांब जावं लागत नाही. जॉबवर्क करणाऱ्या शेड उभ्या राहिल्या, पलूसला औद्योगिक वसाहत झाली, रस्त्याच्या कडेला गॅरेजं आली. कृष्णाकाठच्या विहिरींवरच्या मोटारी जळू लागल्या तशी रिवाइंडिंगची दुकानंही आली.

लोखंडाचे धोके या भागाला पाठ आहेत. प्रेसमध्ये बोट जातं, ग्राइंडरची ठिणगी डोळ्यात उडते, ओतकामात पाय भाजतो. अशा अपघाताला आवाज असतो, रक्त असतं, साक्षीदार असतात. म्हणून त्याची नोंद होते, भरपाईचं भांडण होतं, पुढच्या वेळी मशिनला गार्ड बसतो. लोखंड धुवायला आणि रंगवायला जे पातळ द्रव वापरतात, त्यांच्या वाट्याला मात्र हा हिशेब कधी आला नाही. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, टर्पेंटाइन, एनसी थिनर, मोटारीत ओतायचं वार्निश, पंक्चरचं सोल्युशन ही सगळी मुख्यतः खनिज तेलाचीच लेकरं. त्यांच्याबद्दल दोन समज रूढ आहेत. एक, सरकारने हवेतली मर्यादा ठरवली आहे, ती पाळली की माणूस सुरक्षित. दुसरा, आपल्या शेडला तो कायदाच लागू नाही, तेव्हा करण्यासारखं काही नाही. पहिला समज शिकलेल्यांचा आणि दुसरा कामाला जुंपलेल्यांचा. दोन्ही चुकीचे आहेत, आणि एकमेकांच्या आधाराने टिकून आहेत.

आधी काम कसं चालतं ते जवळून पाहू. पत्र्याचा डबा अर्ध्यात कापून केलेला ट्रे, त्यात काळं पडलेलं रॉकेल आणि झिजलेला रंगाचा ब्रश. ‘पोरा, बेरिंग नीट धू रं, कचकच ऱ्हाता कामा नये,’ असं मिस्त्री सांगतो, आणि पोरगं कोपरापर्यंत हात बुडवून बेअरिंग फिरवत बसतं. घाई असेल तर रॉकेलच्या जागी पेट्रोल येतं, कारण ते लवकर सुकतं. संध्याकाळी त्याच रॉकेलने हात धुवायचे, वर कपड्याच्या साबणाची पावडर चोळायची. हात पांढरे पडतात, बोटांच्या पेरांवर भेगा पडतात, नखांच्या कडा सोलतात. कातडीतली स्निग्धता हे द्रव धुऊन नेतात, आणि उघड्या पडलेल्या कातडीतून तेच द्रव आणखी आत शिरतात. कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरांनी सरकारला कळवायच्याच आजारांच्या यादीत, खनिज तेलामुळे होणारा त्वचादाह नावानिशी होता. तालुक्याच्या दवाखान्यात त्यावर मलम मिळतं. अशा यादीपर्यंत हा आजार क्वचितच पोहोचतो.

‘लवकर सुकतं’ ही या धंद्यातली मोठी तारीफ. रंगारी थिनर घेताना हेच विचारतो, गॅरेजवाला पेट्रोल यासाठीच पसंत करतो. पण सुकलं म्हणजे गेलं कुठे? ते नाहीसं झालेलं नसतं, फक्त डब्यातून हवेत गेलेलं असतं. सोपं गणित करून पाहता येतं. थिनरमध्ये टोल्युइन हा नेहमीचा घटक. एक लिटर टोल्युइनचं वजन सुमारे ८६७ ग्रॅम. कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत ठरल्याप्रमाणे आठ तासांच्या सरासरीत हवेत त्याचं प्रमाण १०० पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या वर जाऊ नये. वजनात सांगायचं तर एका घनमीटर हवेत ३७५ मिलिग्रॅम. म्हणजे सांडलेलं एक लिटर टोल्युइन या मर्यादेत बसवायला २,३०० घनमीटरहून जास्त हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत जेमतेम २८ घनमीटर हवा मावते. तेव्हा एक लिटर पचवायला अशा ऐंशीहून जास्त खोल्या हव्यात. आपल्या रंगाच्या शेडमध्ये खोली एकच असते, आणि धूळ बसू नये म्हणून तिचं दारही लोटलेलं असतं.

ही बाष्पं हवेपेक्षा जड असतात. ती छताकडे न जाता जमिनीलगत पसरतात आणि गॅरेजच्या पिटात, टाकीत, खड्ड्यात साचतात. छताजवळ बसवलेला एक्झॉस्ट फॅन त्यामुळे बऱ्याचदा नुसता आवाज करत राहतो. वाकून किंवा उकिडवं बसून काम करणारा माणूस नेमका जास्त बाष्पाच्या थरात नाक ठेवून बसलेला असतो.

शरीरात पुढे काय होतं, हे सगळ्या द्रवांसाठी एका वाक्यात सांगता येत नाही. सगळ्यांना ‘थिनर’ म्हणून एका पोत्यात घालणं ही पहिली चूक. समान भाग एवढाच की यांतली बहुतेक बाष्पं मेंदूला सुस्त करतात. डोकं जड होतं, मळमळतं, थोडी नशाही येते. मोकळ्या हवेत गेल्यावर ते उतरतं, म्हणून कोणी मनावर घेत नाही. मात्र वर्षानुवर्षं हेच चालू राहिलं तर काय होतं, याचा शोध स्कँडिनेव्हियात १९७०च्या दशकात गांभीर्याने सुरू झाला. स्वीडनमध्ये ऑलाव अॅक्सेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये सॉल्व्हंटशी संबंध येणाऱ्या कामगारांत मेंदू आणि मनाच्या विकारांचं प्रमाण जास्त असल्याचं दाखवलं. विसरभोळेपणा, चिडचिड, लक्ष न लागणं, लवकर थकवा या तक्रारी रंगाऱ्यांत इतक्या दिसल्या की त्यांना व्यवसायजन्य आजाराचा दर्जा मिळाला. आपल्याकडे असा माणूस पन्नाशीत चिडका झाला तर दोष दारूला जातो, नाहीतर स्वभावाला.

हेक्झेनचं दुखणं वेगळं. ते जलद उडणाऱ्या नाफ्थात, सोल्युशनमध्ये, काही क्लीनरमध्ये असतं. शरीरात त्याचं रूपांतर होऊन जो पदार्थ तयार होतो, तो हातापायांच्या लांब मज्जातंतूंवर घाव घालतो. आधी पायाच्या बोटांना मुंग्या, मग बधिरपणा, मग पाऊल उचलेनासं होतं. १९६०च्या दशकात जपानमध्ये घरगुती पातळीवर चपला चिकटवणाऱ्या कामगारांत हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळला. पुढे चीनमधल्या सुजौ इथल्या कारखान्यात मोबाइलचे पडदे पुसायला अल्कोहोलऐवजी लवकर सुकणारं हेक्झेन वापरलं गेलं. तिथल्या १३७ कामगारांना बाधा झाल्याचं अॅपल कंपनीने २०११च्या आपल्या अहवालात मान्य केलं. इथेही कारण तेच, लवकर सुकतं. मुंग्यांची तक्रार घेऊन आलेल्याला आपल्याकडे बी-कॉम्प्लेक्सची सुई मिळते. ‘काम काय करता?’ हा एक प्रश्न विचारला तर निदानाची दिशा बदलू शकते.

बेंझिन या घराण्यातला सगळ्यात वाईट सदस्य. अस्थिमज्जेवर त्याचा मारा होतो आणि रक्ताचा कर्करोग होतो, हे निर्विवाद आहे. भारतात सध्याच्या बीएस-६ पेट्रोलमध्ये ते जास्तीत जास्त एक टक्का असू शकतं. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतं, पण रोज पेट्रोलने पार्ट धुणाऱ्याच्या नाकाशी तो एक टक्का रोज येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२५ मध्ये पेट्रोललाच माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. रंगकामाचा व्यवसाय त्या गटात बराच आधीपासून आहे.

इतकं असूनही आपल्या शेडमध्ये पाटी एकच दिसते, ‘ज्वालाग्राही, विडी-सिगारेट ओढू नये’. आगीची भीती खरी आहे, पण आगीचा आणि श्वासाचा हिशेब अगदी वेगळा. टोल्युइनची बाष्पं पेट घेतात ती हवेत त्यांचं प्रमाण साधारण एक टक्क्याच्या वर गेल्यावर, म्हणजे दहा हजार पीपीएमच्या पुढे. आरोग्यासाठीची आपली कायदेशीर मर्यादा १०० पीपीएम. मधे शंभरपटीचं अंतर आहे. ज्या शेडमध्ये काडी ओढली तरी काही होणार नाही, तिथलीही हवा श्वासासाठी मर्यादेच्या कितीतरी पट वाईट असू शकते. ‘आजवर कधी आग लागली नाही’ हा दाखला म्हणूनच हवेच्या बाबतीत निरुपयोगी. नाकाचाही भरवसा नाही. काही वेळाने नाक वासाला सरावतं, आणि बेंझिनचा वास येईपर्यंत त्याने आजच्या मर्यादा बहुधा ओलांडलेल्या असतात.

आता मर्यादांकडे येऊ. टोल्युइन एकच, माणसाचा मेंदूही एकच. तरी अमेरिकेतल्या ओशा या सरकारी यंत्रणेची मर्यादा २०० पीपीएम, भारताची १००, युरोपीय संघाची ५०, आणि एसीजीआयएच या अमेरिकी तज्ज्ञसंघटनेची शिफारस २०. नजरेवर होणारा परिणाम आणि गर्भपाताचा धोका लक्षात घेऊन या संघटनेने आपला आकडा खाली आणला. तिचा आकडा घेतला तर वरच्या गणितातल्या ऐंशी खोल्यांच्या चारशे होतात. एकाच हवेला चार निकाल मिळतात, तेव्हा निकाल देणारं न्यायालय निसर्गाचं नाही एवढं तरी कळतं.

हे आकडे आले कसे, ते पाहण्यासारखं आहे. एसीजीआयएचची पहिली यादी १९४६ची. आठ तासांचा दिवस आणि चाळीस तासांचा आठवडा काम केलं तर बहुतेक कामगारांना अपाय होऊ नये, असा तिचा दावा असतो. यातलं ‘बहुतेक’ नीट वाचावं. सगळ्यांची हमी त्यात कधीच नव्हती. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सरकारने १९६८ची यादी उचलून तिला कायद्याचं बळ दिलं, आणि तिथेच ती गोठली. १९८९ मध्ये ओशाने ३७६ पदार्थांच्या मर्यादा एकदम सुधारल्या किंवा नव्याने ठरवल्या. टोल्युइन २०० वरून १०० वर, हेक्झेन ५०० वरून ५० वर आणि टर्पेंटाइनसारखं स्टॉडार्ड सॉल्व्हंट ५०० वरून १०० वर आलं. १९९२ मध्ये न्यायालयाने ती सगळी सुधारणा रद्द केली, कारण प्रत्येक पदार्थाचा पुरावा वेगवेगळा मांडला नव्हता. आकडे परत जुन्या जागी गेले. आपल्या बऱ्याचशा मर्यादा कालबाह्य आहेत, असं ओशा आज स्वतःच सांगते. तज्ज्ञांच्या यादीतही सगळं शास्त्रच होतं असं नाही. बॅरी कॅसलमन आणि ग्रेस झीम यांनी १९८८ मध्ये दाखवून दिलं की अनेक पदार्थांच्या मर्यादांमागे कंपन्यांनी पुरवलेली अप्रकाशित माहिती आणि कंपन्यांचेच लोक होते.

बेंझिनची कथा तर वाचताना चीड येते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल कंपन्यांच्याच संघटनेच्या १९४८च्या अहवालात म्हटलं होतं की बेंझिनचं पूर्णपणे सुरक्षित प्रमाण शून्यच मानावं लागेल. तीस वर्षांनी ओशाने मर्यादा १० वरून १ पीपीएमवर आणायचं ठरवलं, तेव्हा हीच संघटना न्यायालयात गेली. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, आणि १ पीपीएम लागू व्हायला १९८७ उजाडलं. आज एसीजीआयएचची शिफारस ०.०२ पीपीएम आहे. १९७०च्या दशकात १० पीपीएममध्ये काम करणारा माणूस कायद्याने सुरक्षित होता. आजच्या शिफारशीने मोजलं तर तो पाचशेपट विषारी हवेत उभा होता. माणूस तोच, हवा तीच, बदलला तो कागदावरचा आकडा. तेव्हा आजची मर्यादा ही आज मान्य झालेली तडजोड समजावी. तिला निर्धोकपणाचं प्रमाणपत्र मानलं की आपण उद्याच्या आकड्याला आजच बळी देतो.

आपल्याकडे भोपाळच्या वायुकांडानंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन कलम ४१-एफ आणि दुसरी अनुसूची आली. हवेतल्या विषारी पदार्थांना कायद्याने आकडे मिळाले, हे मोठं पाऊल होतं. पण कायदा कोणासाठी? मूळ अधिनियमात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असले की तो कारखाना धरला जाई. महाराष्ट्राने २०१५च्या दुरुस्तीत हा आकडा वीस केला, आणि आता त्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२०च्या केंद्रीय कामगार-सुरक्षा संहितेतही वीसच आहे. पलूस-कुंडलकडचं धुणं, रंग, वार्निश यांचं काम बऱ्याच अंशी दोन-पाच-आठ माणसांच्या शेडमध्येच होतं. मोठ्या कारखान्यात पेंट बूथ असतो, सेफ्टी ऑफिसर असतो, तपासणीला सरकारच्या औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा माणूस येतो. जिथे यांतलं काहीच नसतं, तिथेच थिनरचा डबा उघडा असतो.

कामाचे तास धरले की आकडा आणखी लंगडा पडतो. मर्यादा आठ तासांसाठी असते. दिवस लांबला तर बाष्प शरीरात जास्त जातं आणि बाहेर पडायला रात्र कमी उरते. यासाठी ब्रीफ आणि स्काला यांनी १९७५ मध्ये दिलेलं सूत्र जगभर वापरतात. बारा तासांच्या पाळीला त्याप्रमाणे मर्यादा निम्मी करावी लागते, म्हणजे १००च्या जागी ५०. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाचे रोजचे कमाल तास नऊवरून बारावर नेण्याला मंजुरी दिली. ओव्हरटाइमवर भरपूर चर्चा झाली. तास वाढवताना हवेचा आकडा त्याच प्रमाणात उतरवायला हवा, हे मात्र माझ्या वाचनात कुठे आलं नाही. थिनर हे मिश्रण आहे, हा आणखी एक पेच. टोल्युइन मर्यादेच्या साठ टक्के आणि झायलिन मर्यादेच्या साठ टक्के असेल तर दोन्ही वेगवेगळे पास होतात. पण दोघांचा मार मेंदूवरच असल्याने टक्के बेरजेने धरायचे असतात, आणि बेरीज १२० होते. सुटं थिनर विकत घेणाऱ्याला त्यात काय किती आहे हेच ठाऊक नसतं, मग बेरीज कशाची करणार?

शेडच्या बाहेर, द्राक्षबागेत तर मर्यादाच नाही. पलूस-तासगावच्या पट्ट्यात फवारणी हे वर्षातल्या कितीतरी दिवसांचं काम. कीडनाशकाच्या बाटलीवर ‘ईसी’ लिहिलेलं असतं, तेव्हा आतलं औषध बहुतेक वेळा झायलिनसारख्या पेट्रोलियम सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं असतं. लेबल औषधाची टक्केवारी सांगतं, सॉल्व्हंटबद्दल बहुधा गप्प असतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा चर्चा औषधांची आणि पंपांची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण औषध कातडीच्या आत पोहोचवायला मदत करणारा आणि गिळलं गेल्यास फुप्फुसात उतरणारा हा दुसरा भागीदार नजरेआड राहिला. घरात पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ठेवलेलं रॉकेल लहान मुलाने पिण्याचे प्रकारही याच जातीचे. पोटातून नव्हे, ठसका लागून फुप्फुसात गेलेल्या थेंबांनी मूल दगावतं. म्हणून अशा मुलाला उलटी करवू नये. मीठपाणी पाजण्याचा घरगुती उपाय इथे घातक ठरतो. थेट दवाखाना गाठावा.

यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला जुन्या मिस्त्रींचा, ‘चाळीस वर्षं रॉकेलने हात धुतोय, मला काय झालं?’ रॉकेल पेट्रोलइतकं भरभर उडत नाही, त्यामुळे नाकाला त्याचा त्रास कमी, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण हे सांगायला जे उरले तेच बोलतात. धंदा सोडून गेलेले, लवकर गेलेले, चाळिशीतच ‘वाताने’ बसलेले त्या गप्पांत नसतात. शिवाय मिस्त्रींच्या उमेदीत उघड्यावर रॉकेल होतं. आजच्या पोराला बंद शेडमध्ये पेट्रोल आणि थिनर मिळतं, तेव्हा एकाचा दाखला दुसऱ्याला लागू होत नाही.

दुसरा आक्षेप लहान कारखानदाराचा. मोठ्या कंपनीकडून जॉबचा दर नगाला पैशांत ठरतो, बिल महिनोन्‌महिने अडकतं, त्यात हा खर्च कुठला? हा माणूस खलनायक नाही. बऱ्याचदा तोच स्वतः स्प्रेगन हातात धरून उभा असतो. म्हणूनच हा खर्च दरात धरणं खरेदीदाराचं काम आहे. कास्टिंगचं रासायनिक पृथक्करण, मापांचे रिपोर्ट, गेजचं कॅलिब्रेशन हे सगळं मोठा खरेदीदार पुरवठादाराकडून मागतो आणि ते मिळतंही. पंपाचा शाफ्ट मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या या पट्ट्याला मोजण्याचं तंत्र परकं नाही. हवा मोजली जात नाही, कारण ती कोणी मागत नाही.

तिसरा आक्षेप जास्त टोकदार. मर्यादाच तडजोडीची असेल तर ती मोजून उपयोग काय? उपयोग आहे. आकडा हातात असला की भांडता येतं. त्याशिवाय कामगाराची तक्रार ‘वास येतोय’ एवढीच राहते, आणि वास सगळीकडेच येत असतो. फक्त सुरुवात मोजण्यापासून करू नये. बरंचसं काम मोजण्याआधी करता येतं आणि ते महाग नसतं. डबा आणि चिंध्यांचं पिंप झाकणाचं ठेवायचं. पेट्रोलने पार्ट आणि हात धुणं आजच बंद करायचं. पार्टसाठी गरम पाण्यातलं अल्कलीचं द्रावण बहुतेक ठिकाणी चालतं, हातासाठी साधा हँड क्लीनर. स्प्रे मोकळ्यावर किंवा बूथमध्ये. पंखा माणसाच्या पाठीमागून हवा आणून पुढे खालच्या अंगाने बाहेर फेकेल असा लावायचा. हातमोजे नायट्राइलचे, कारण साधा रबर पेट्रोलमध्ये फुगतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क बाष्प अडवत नाही. त्यासाठी कोळशाची कार्ट्रिज असलेला मास्क लागतो आणि ती कार्ट्रिज वेळेवर बदलावी लागते. मास्क हा शेवटचा उपाय, आधी हवा सुधारायची. पाण्यावर आधारित प्रायमर किंवा पावडर कोटिंग जिथे चालेल तिथे तेच घ्यायचं.

मग मोजणं. कॉलरला लावून पाळीभर फिरवता येणारे छोटे बिल्ले मिळतात, ते प्रयोगशाळेत पाठवले की त्या माणसाने दिवसभरात काय श्वासात घेतलं ते कळतं. आठ माणसांच्या शेडला हे परवडणार नाही, पण वसाहतीतल्या सगळ्या शेडनी मिळून वर्षातून एकदा करायला हरकत काय? पाणी, रस्ता, वीज यांसाठी वसाहत एकत्र येतेच. आयटीआयच्या पोराला मायक्रोमीटर धरायला शिकवतात, त्याच वर्गात थिनरचं सुरक्षा माहितीपत्रक वाचायला शिकवता येईल. कारखान्यातल्या कामगाराला आपल्या कामाच्या धोक्यांची माहिती मागण्याचा हक्क कारखाना अधिनियमाच्या कलम १११-एने दिलेलाच होता.

सरकारची जबाबदारी यातून सुटत नाही. ब्रिटिश राजवटीला समांतर चाललेल्या प्रतिसरकारच्या कुंडल गावात १९४३ ते ४६ या काळात लोकांनी तहसील कचेरीकडे न पाहता स्वतःचा न्यायनिवाडा केला, याचा अभिमान आपण दर ऑगस्टमध्ये भाषणांतून मिरवतो. पण स्वावलंबनाचं कौतुक करून राज्याने हात झटकावेत असा त्याचा अर्थ होऊ नये. नव्या संहितेत धोकादायक कामासाठी एकच कामगार असलेल्या जागेलाही कायदा लावण्याची मुभा सरकारला आहे. बंद जागेतला सॉल्व्हंटचा स्प्रे, वार्निश आणि पेट्रोलने धुणं ही कामं त्यात घालायला एक अधिसूचना पुरते. कामगाराला चाळिशीनंतर मोफत वार्षिक आरोग्य तपासणीचं जे आश्वासन सरकारचं आहे, ते या कामात पहिल्या वर्षापासून मिळायला हवं. अठराव्या वर्षी ट्रेवर बसलेल्या पोराची चाळिशी येईपर्यंत बावीस वर्षं निघून गेलेली असतात.

मर्यादांचा सगळा इतिहास पाहिला तर एक गोष्ट दिसते. आकडा आपणहून कधी खाली आला नाही. आजारी कामगार, हट्टी डॉक्टर, संघटना आणि खटले यांनी तो ओढून खाली आणला, आणि ज्यांना तो वर हवा होता त्यांनी तितक्याच जोराने धरून ठेवला. या ओढाताणीत आपल्याकडचा लहान शेडमधला माणूस अजून उतरलेलाच नाही. त्याने सुरुवात थिनरच्या दुकानात करावी, डबा घेताना ‘यात काय काय आहे, लिहून द्या’ असं म्हणून. दुकानदार हसेल, वितरकाकडे बोट दाखवेल. पण दहा गिऱ्हाइकांनी लागोपाठ विचारलं की त्याला वितरकाला विचारावंच लागेल, आणि वितरकाला कंपनीला. या भागात उसाच्या काट्यापासून दुधाच्या फॅटपर्यंत प्रत्येक मापावर लोकांनी भांडून हक्क मिळवला आहे. श्वासाच्या मापावरही भांडण उभं राहिलं पाहिजे.